कसब्याहून वारज्याला, विक्रांतमार्गे

कसबा

आमच्या आळीतल्या माणसांनी जग पाहिलेलं आहे. कोणी चारधाम करून आलंय, कोणी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत राहून आलंय आणि तिथल्या थंडीवर न विचारता बोलतं. वारज्याला मात्र सहसा कोणी गेलेलं नसतं. लकडी पुलापलीकडे जे काही आहे ते पुण्याच्या नावावर चाललेलं आहे, असं आळीचं साधारण मत. मी स्वतः तरुणपणी नौदलात होतो. मद्रास, कोचीन, अंदमान अशी बंदरं पाहिली. पण कसब्यापासून बसनं तासाभराच्या अंतरावर असलेल्या वारज्याला पोचायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

निमित्त झालं गणपतीच्या देखाव्याचं. यंदा आमच्या मंडळानं विक्रांतचा हलता देखावा करायचं ठरवलं. आमची आळी तांबटांची. त्यामुळे जहाज तांब्याच्या पत्र्याचं, विमानं पितळेची. पोट उघडं ठेवून खालची बॉयलररूम दाखवायची आणि मागे जहाजाच्या सगळ्या कारकिर्दीचं ध्वनिमुद्रित निवेदन. मंडळाचं सगळं पाहणारा संदीप, ज्याचं कोपऱ्यावर फ्लेक्सचं दुकान आहे, निवेदनाचा मजकूर घेऊन माझ्याकडे आला.

"अण्णा, तुम्ही फक्त कान द्या. चुकलं तर सांगा. फार चुकलं तर सांगू नका, वेळ नाहीये."

मजकूर चांगला होता. इंग्रजांनी महायुद्धात बांधायला घेतलेली आणि अर्धवट सोडलेली ही हलकी विमानवाहू नौका आपण विकत घेतली, पुरी करून घेतली आणि एकसष्ट साली ती मुंबईच्या बंदरात आली. हलकी म्हणजे तिच्या जातीच्या मानानं हलकी. मी नवीन असताना तिच्यात वाट चुकून दुसऱ्यांच्याच मेसमध्ये जेवून आलो होतो. आल्या वर्षीच ती गोव्याच्या कारवाईत होती. पासष्टच्या लढाईत मुंबईला गोदीत दुरुस्तीला पडून होती, तरी शत्रूच्या रेडिओनं ती बुडवल्याचं सांगून टाकलं. मग संदीपनं आवाज चढवला.

"आणि एकाहत्तरच्या युद्धात, बॉयलरला तडा गेलेला असताना, या कसब्याच्या सुपुत्रानं, तांबटाच्या पोरानं, हातोड्याचे घाव घालून तो बॉयलर सांधला, आणि विक्रांत पूर्वेच्या समुद्रात गरजली." त्यानं कागद खाली ठेवला. "इथं तुमचा पुतळा हातोडा मारणार. मोटर बसवून झालीये."

मी चष्मा पुसला. संदीप म्हणाला, "भरून येतं ना?"

आता जे खरं आहे ते लिहितो.

मी विक्रांतच्या बॉयलररूममध्ये होतो, हे खरं. एका बॉयलरला तडा गेला होता, हेही खरं. पण युद्धाच्या आधी जहाज मद्रासला असताना मला गालगुंड झालं. दोन्ही गाल असे सुजले की आरशात मला माझे मामा दिसले. जहाजावर शेकडो माणसं दाटीवाटीनं राहतात, तिथे असा रोगी ठेवत नाहीत. मला दवाखान्यात उतरवलं आणि जहाज अंदमानकडे निघून गेलं. अख्खं युद्ध मी गालाला फडकं बांधून, पेज पीत, रेडिओवर ऐकलं. त्या तडा गेलेल्या बॉयलरपाशी माझ्या जागी सोपानला उभं केलं. सोपान वारज्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, माझ्याच बरोबर भरती झालेला. पुण्याचे म्हणून आम्ही दोघं जोडीनं राहायचो.

युद्ध संपल्यावर मी जहाजावर परत गेलो. सोपाननं मला सगळं सांगितलं, आणि त्यानंतर मी रजेवर घरी आलो. स्टेशनवर आळी बँड घेऊन आली होती. गळ्यात हार पडला, पाठीवर थापा पडल्या आणि कोणी तरी विचारलं, "लढाईत काय केलंस रे?" त्या वेळी गालगुंड हा शब्द तोंडातून निघेना. मी सोपाननं सांगितलेलं सांगितलं. मी होतो असं म्हटलं नाही, नव्हतो असंही म्हटलं नाही. बाकीचं काम आळीनं केलं. आमच्याकडे बॉयलर म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा मोठा बंब. बंबाला भेग पडली तर तांबट काय करणार? ठोकणार. संध्याकाळपर्यंत माझ्या हातात हातोडा आलेला होता.

दोन दिवसांनी मारुतीपुढे सत्कार झाला. पेढे वाटले. वडील पहिल्यांदाच लोकांत रडले. भाषण चालू असताना गर्दीच्या मागे मला सोपान दिसला. तोही रजेवर आला होता आणि मला भेटायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं, हातावरचा पेढा खाल्ला आणि निघून गेला. पुढे त्याची बदली झाली, माझी झाली, त्याच्या लग्नाचं बोलावणं आलं आणि मी गेलो नाही. कसा जाणार?

पासष्टात जहाजही लढाईला नव्हतं. पण जहाजानं आपण तिथे होतो असं कधी सांगितलं नाही.

बायकोला मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, "मला सांगून काय उपयोग? मी काही हार घातला नव्हता." संदीप गेल्यावर त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "पुतळा कधी हलवणार आहेत?"

"गणपती बसले की."

"मग अजून महिना आहे. वारज्याला बस जाते म्हणे."

स्वारगेट

कसब्यातून वारज्याला जाणारा शहाणा माणूस मनपाच्या स्टँडवर जाऊन सरळ बस धरतो. मी मेट्रोनं स्वारगेटला गेलो, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. कारण लवकर पोचायची इच्छा नव्हती.

मेट्रोचं भुयारी स्टेशन आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. ज्यांनी ते अजून पाहिलं नाही त्यांनी जरूर पाहावं, खाली थंडगार असतं. सरकत्या जिन्यानं खाली खाली जाताना मला बॉयलररूमची शिडी आठवली. तीही अशीच संपता संपत नसे, फक्त प्रत्येक पायरीला उकाडा वाढत जाई आणि तळाला पोचेपर्यंत बनियन पिळून काढावा लागे. इथे तळाला पोचल्यावर एका मुलीनं मला उठून जागा दिली. मी म्हणालो, "अगं, दोनच स्टेशनं." ती म्हणाली, "आजोबा, बसा हो, मला उभं राहूनच रील बघता येतं."

स्वारगेटला वर आल्यावर पुणं परत सुरू झालं. रिक्षावाल्याला वारजे म्हटलं तर त्यानं मान फिरवली, आणि ज्याला काही विचारलं नव्हतं तो म्हणाला, "काका, तिकडनं रिकामं यावं लागतं." मी एका चहाच्या गाडीवर दोन चहा लागोपाठ घेतले. चहावाला म्हणाला, "कुणाची वाट बघताय?" मी म्हणालो, "बसची." तो म्हणाला, "मगाशी दोन गेल्या तुमच्यासमोरनं."

तिसरीत बसलो. दांडेकर पूल गेला, म्हात्रे पूल गेला. मुठेला पाणी होतं, त्यामुळे बसमधले अर्धे लोक उठून खिडकीशी गेले. आम्हा पुणेकरांना नदीत पाणी दिसलं की आनंद होतो, जणू कोणी तरी वेळेवर आलं आहे. कर्वेनगरच्या पुढे इमारती उंच होत गेल्या आणि नावं इंग्रजी होत गेली. शेवटी हायवेच्या पुलाखाली बस अशी अडकली की कंडक्टर उतरून पान खाऊन परत आला.

वारजे, पहिली खेप

माझ्या डोक्यातलं वारजे सोपाननं सांगितलेलं होतं. ज्वारीचं रान, कालव्याचं पाणी, देवळापुढे लिंबाचं झाड आणि शेवटचं घर त्याचं. मी उतरून एका मेडिकलवाल्याला विचारलं, "सोपान यांचं घर कुठे आलं? नौदलात होते."

"सोपान पार्क की सोपान हाइट्स?"

"माणूस विचारतोय मी."

"माणूस हाइट्समध्ये राहतो. पार्क भाड्यानं दिलंय."

सोपान हाइट्स अकरा मजली निघाली. फाटकाशी बिहारचा वॉचमन. त्यानं माझा मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, "किससे मिलना है? क्या काम है?"

काम काय, हे मराठीतही सांगता आलं नसतं. त्यानं फोन लावून माझ्या कानाशी धरला. पलीकडून बाईमाणसाचा ठसठशीत आवाज आला, "कोण हाय?"

मी म्हणालो, "दत्तात्रय. कसब्यातून."

"कोण दत्तात्रय? अहो, ऐकलंत का, कसब्यातून कोण तरी—"

मी फोन वॉचमनच्या हातात दिला, चुकीची बिल्डिंग म्हणालो आणि परतीची बस धरली. विमानवाहू नौकेवरचा माणूस, पण पळालो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "भेटले?" मी म्हणालो, "फाटक पाहिलं." ती म्हणाली, "कसं होतं?"

वारजे, दुसरी खेप

दुसऱ्या दिवशी मनपावरून सरळ बस धरली. वॉचमननं मला पाहून फोटो काढायचीही तसदी घेतली नाही. "आ गए चाचा," म्हणाला आणि फाटक उघडलं. "कल से बोल के रखा है, फिर आयेगा तो छोड़ना नहीं."

पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधे एक म्हैस बांधलेली होती. तिच्याशेजारी बादलीवर एक म्हातारा बसला होता. टक्कल पडलेलं, कानावर केस. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल पळालास व्हय?"

"हो."

"मला वाटलंच. कसब्यातून माझ्याकडं दुसरं कोण येणार? बस. म्हशीच्या मागं नको बसू."

मी उलट्या बादलीवर बसलो. वाटेत घोकलेलं सगळं भाषण गेलं. मी म्हणालो, "सोपान, त्या सत्काराच्या दिवशी तू मागे उभा होतास."

"व्हय. पेढा झ्याक होता. दोन घेतले."

"राग आला नाही?"

"आला की. चार वर्षं होता. मग म्हशी घेतल्या, येळ न्हाय उरला." त्यानं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "पेढ्याचा राग गेला. लग्नाला आला न्हाईस त्याचा हाय अजून. पंगतीत तुझं पान मांडून ठेवलं हुतं."

मग तो बादलीवरून उठला. त्यानं मला वर नेलं. हौसावहिनी, म्हणजे कालचा आवाज, दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, आज न जेवता गेलात तर वॉचमनला सांगून ठेवलंय."

कसब्यात पाहुण्याला आम्ही विचारतो, चहा घेणार का, आणि विचारतानाच कपबशी थोडी कपाटात सरकवतो. वारज्यात विचारत नाहीत. आखाड संपत आला होता, श्रावण लागायच्या आधी मटण खाऊन घ्यायचे दिवस. काळ्या मसाल्याचं मटण, ज्वारीची भाकरी, मधे कांदा फोडलेला, आणि आखाडात तळतात त्या गुळाच्या कापण्या डबा भरून. तिसऱ्या भाकरीला मी नको म्हणालो तर वहिनींनी ती अर्धी मोडली आणि म्हणाल्या, "ही नको ती. ही घ्या."

जेवताना आम्ही दोघं जहाजाबद्दलच बोललो. आमच्यानंतर तिचं काय काय झालं ते दोघांनीही पेपरातच वाचलं होतं. वाफेच्या जोरावर विमान पुढे भिरकावणारा कॅटापुल्ट काढून टाकला, पुढचा डेक घसरगुंडीसारखा वर उचलला आणि जागच्या जागी उतरणारी नवी विमानं आली. मग ती निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय झाली. सोपान नातवंडांना घेऊन बघायला गेला होता.

"तू गेला हुतास?"

"नाही. आपल्यातलं कोणी भेटलं असतं."

"मला कोण न्हाय भेटलं. खाली बॉयलरकडं जायचं म्हटलं तर सोडंनात. म्या म्हटलं, अरे बाबा, खाली मी ऱ्हायलोय. तर म्हणतो, आजोबा, तिकडं अंधार हाय."

शेवटी ती मोडीत निघाली. तिचं लोखंड वितळवून त्याच्या मोटरसायकली केल्या म्हणतात. सोपानच्या थोरल्या मुलानं त्यातली एक घेतली आहे. "रोज पुलाखाली ट्राफिकमधी उभी असती," सोपान म्हणाला. "बॉयलरला तडा गेल्यावर जहाजाला जेवढा वेग हुता, तेवढाच पडतो."

जेवण झाल्यावर मी देखाव्याचं सांगितलं. निवेदनात जे येणार आहे ते बदलायचं आहे, ते तू सांगायचं आहेस आणि माझं गालगुंडही त्यात यायला हवं, असं म्हणालो. त्यानं सुपारी कातरायचं थांबवलं नाही.

"आता कशापायी? तुझी पंचाईत हुईल. माझं काय वाढंल?"

"खरं ते खरं."

"ऱ्हाऊ दे. आपण दोघं जाणतो, बास झालं."

तेव्हा आतून वहिनी आल्या. पदराला हात पुसत माझ्यासमोर बसल्या.

"भावजी, हे नातवंडांना काय सांगतात म्हाईत हाय? म्हणतात, मी जहाजावर कपडे धूत होतो."

"हौसे," सोपान म्हणाला.

"तुम्ही गप बसा. लग्न झालं त्या वर्षी तालमीत ह्यांनी एकदाच सांगितलं, बॉयलरचं. तर तिथला एकजण म्हणाला, अहो, ते कसब्यातल्या तांबटानं केलं, मी सत्काराला होतो की, हार घालताना बघितलंय. सगळे हसले. दुसऱ्याचं सांगतोय म्हणाले. तवापासून ह्यांनी एक शब्द काढला न्हाय. पोरांनी इच्यारलं की कपडे धुतले म्हणून सांगायचं."

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी त्याच्या ताटातला पेढा खाल्ला. मी त्याचं ताटच उचलून नेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्याच आयुष्यातली गोष्ट सांगायला गेला, तर ती चोरीची ठरली.

मी म्हणालो, "सोपान, तू आला नाहीस तर मी एकटाच सांगणार आहे. पण मला सांगता येणार नाही. मला फक्त तू सांगितलेलं माहीत आहे. मी तिथे नव्हतो."

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या कसब्यात गाडी लावायला जागा हाय का?"

"नाही."

"मग बशीनं येतो."

पुन्हा कसबा

आठवड्यानं सोपान आणि वहिनी आळीत आले. सगळ्या दुकानांतून ठोकाठोक चालू होती. सोपान कानावर हात ठेवून म्हणाला, "तुला जहाजावर झोप कशी लागायची ते आत्ता कळलं." मोठ्या गाळ्यात तांब्याचं जहाज जवळजवळ तयार होतं. तो त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि एका ठिकाणी वाकून म्हणाला, "शिडी उजव्या अंगाला पायजे." कारागिरानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते म्हणतील तसं."

मग संदीपनं कळ दाबली आणि खाली बॉयलररूममध्ये माझा पुतळा दणादण हातोडा मारू लागला. चेहरा बरा जमला होता. सोपान इतका हसला की वहिनींनी त्याला पाणी दिलं.

"अरे, बॉयलरला हातोडा मारला असता तर हितं कोण आलं असतं?"

संदीपला मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तो रात्रभर झोपला नव्हता म्हणाला. माझ्या खोटेपणाचं त्याला फार वाटलं असावं असं मला वाटलं, पण नाही, त्याला मोटरची काळजी होती.

"ठीक आहे अण्णा, हातोडा काढू. काका, मग तुम्ही नक्की करत काय होतात तिथे?"

"काय न्हाय," सोपान म्हणाला.

"काहीच नाही?"

"काटा बघत हुतो. वाफेच्या दाबाचा काटा. एक खूण केलेली हुती, त्याच्या वर जाऊ द्यायचा न्हाय. वर धाडकन विमान सुटलं की वाफ जायची, काटा खाली यायचा. तेल जास्ती सोडून लगेच दाब वाढवावा असं हात शिवशिवायचे. पण वाढवायचा न्हाय. हळू. वरनं फोन यायचा, वेग पायजे, वाफ पायजे. आमचे चीफ म्हणायचे, जेवढी हाय तेवढी हाय. आन् त्या बॉयलरला लोखंडी पट्टे आवळलेले हुते. फुटला तर पट्टे काय करणार हुते, ते आम्ही कुणी कुणाला इच्यारलं न्हाय."

गाळ्यातली ठोकाठोक थांबली होती. संदीप डोकं खाजवत म्हणाला, "काका, ऐकायला भारी आहे. पण प्रॉब्लेम समजून घ्या. हलता देखावा आहे. हलत्या देखाव्यात माणूस हलणारच नसेल, तर लोक बघतील काय?"

"काटा हालंल की."

आमच्या आळीला एखादी गोष्ट समजायला वेळ लागतो, पण समजली की हातात येते. त्याच दिवशी परातीएवढी तबकडी ठोकायला घेतली. मोटर पुतळ्याच्या दंडातून काढून काट्याला लावली. काटा चढायचा, खुणेपाशी थरथरायचा, उतरायचा. पुतळ्याचा हात तेल सोडायच्या चाकावर ठेवला आणि तो जागेवर पक्का झाळला. तोंड मात्र माझंच राहिलं होतं. ते बदलायला कारागिरानं सोपानला समोर बसवून घेतलं. सोपान म्हणाला, "केस जरा जास्ती दे. तवा हुते."

निवेदन संदीपच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मोबाइलवर मुद्रित केलं. एकाहत्तरपर्यंतचा भाग मी वाचला. बॉयलररूमचा भाग आला तेव्हा सोपान म्हणाला, समोर माणूस असला की बोलता येत न्हाय, बाहेर जा सगळे. आम्ही बाहेर उभे राहिलो. वहिनी माझ्या बायकोबरोबर तांब्याची भांडी बघायला गेल्या आणि भावावरून एका दुकानदाराशी वाद घालू लागल्या. दोघी फार आनंदात होत्या.

गणपती बसले त्या संध्याकाळी आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. वारज्याहून सोपानची मुलं, सुना, नातवंडं अशी एक टेम्पो भरून माणसं आली होती. मी गर्दीच्या मागे उभा राहिलो. पुढे खुर्ची ठेवली होती, पण नको म्हणालो.

दिवे मंदावले. माझा आवाज आला, जहाज कुठून आलं, कुठे कुठे गेलं. पितळेचं विमान तारेवरून सरकलं. मग वरचा दिवा गेला आणि पोटातला लागला. तबकडीवर काटा थरथरायला लागला, त्याच्यासमोर तांब्याचा एक तरुण सोपान, हात चाकावर, अजिबात न हलता. आणि स्पीकरवरून आवाज आला.

"मी सोपान. वारज्याचा. हितं कुणी काय ठोकलं न्हाय. काटा वर जाऊ द्यायचा न्हाय, एवढंच काम हुतं. ही जागा खरी कसब्याच्या दत्तूची. त्याला गालगुंड झालं म्हणून मला उभा केला."

पुढच्या बाजूला हशा पिकला. माझ्या पुढे उभी असलेली आळीतली दहा-बारा डोकी मागे वळली. मी जागेवरून हललो नाही. ओळीनं सगळी मला बघत होती. शेजारचे वामनराव, ज्यांच्या वडिलांनी मला पहिला हार घातला होता, हळूच म्हणाले, "अण्णा, कुठला गाल?"

"दोन्ही."

"मग जाणं शक्यच नव्हतं," ते म्हणाले आणि परत देखाव्याकडे वळले.

सोपानचा आवाज अजून चालू होता. काट्याचं, पट्ट्यांचं, चीफचं सगळं त्यानं सांगितलं. शेवटी जरा थांबून, जे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं असं एक वाक्य त्यानं बोलून ठेवलेलं होतं.

"दत्तू असता तर त्यानंबी हेच केलं असतं."

दिवे लागले. टाळ्या पडल्या. सोपानची नातवंडं त्याला ओढून पुतळ्याजवळ घेऊन गेली. एक लहान मुलगी काट्याकडे बोट दाखवून काही तरी विचारत होती आणि तो सांगत होता. हातवारे करून, दम घेत, पुन्हा पहिल्यापासून. वहिनी बाजूला पदर खोचून उभ्या होत्या, कोणी मधे बोललं तर त्याला गप्प करायला.

बऱ्याच वेळानं तो गर्दीतून माझ्याकडे आला. घाम पुसत म्हणाला, "ते शेवटचं बोललो ते चुकीचं तर न्हाय ना?"

सरळ लिहायचं ठरवलं आहे, म्हणून मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. मी म्हणालो, "मला माहीत नाही, सोपान. कदाचित मी जास्तीचं तेल सोडलं असतं."

त्यानं रुमाल खिशात घातला.

"माझाबी हात दोनदा गेला हुता," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे तसंच. उद्या कितीला चालू करत्यात?"